सहा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा व्यायाम: सुरुवात कुठून आणि किती

तुमची हकीकत थोडक्यात अशी. वय ४२. छत्तिशीपर्यंत नियमित व्यायाम, आठवड्यातून तीन दिवस वजनं आणि दोन दिवस धावणं. १०० किलोचा स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन खाली बसून उठणं) व्हायचा, १० किलोमीटर न थांबता धावणं व्हायचं. मग सहा वर्षं सगळं सुटलं. गेल्या वर्षभरात दोनदा सुरुवात केलीत. पहिल्या वेळी पहिल्याच दिवसानंतर मांड्या इतक्या आंबल्या की आठवडाभर जिना उतरता येईना. दुसऱ्या वेळी वजनांच्या वाटेला न जाता फक्त धावायला लागलात, तर तिसऱ्या आठवड्यात टाचेच्या मागे दुखायला लागलं आणि अजूनही सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं ताठर पडतात. तुम्ही विचारलंय की सगळं वाया गेलं का, पहिल्यासारखं व्हायला किती काळ लागेल, वजनांपासून सुरुवात करावी की धावण्यापासून, त्याआधी काही तपासण्या कराव्यात का, आणि पुन्हा खंड पडला तर काय.

वाया गेलेलं नाही. दोन्ही वेळा तुमचं जे बिनसलं ते ताकद संपली होती म्हणून बिनसलं नाही. ताकद बऱ्यापैकी शिल्लक होती, म्हणूनच पहिल्या दिवशी नको तेवढं काम उरकता आलं. मी ताकदीचा व्यायाम शिकवते, आणि कधीच व्यायाम न केलेल्या माणसापेक्षा पूर्वी चांगला व्यायाम केलेल्या माणसाची पहिल्या दोन महिन्यांत मला जास्त काळजी वाटते. नवखा माणूस दमतो आणि थांबतो. जुन्या माणसाला तंत्र येतं, त्रास सोसायची सवय असते, आणि शरीराचा जो भाग अजून तयार नाही त्याच्यावर ताण टाकण्याइतका जोर त्याच्या स्नायूंत उरलेला असतो.

शरीर सगळंच एका वेगाने विसरत नाही आणि एका वेगाने परतही येत नाही. दम वेगळा, स्नायू वेगळे, स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा वेगळ्या. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या फरकात आहेत, म्हणून त्यावर जरा थांबते.

व्यायाम बंद झाल्यावर आधी उतरतो तो दम. संशोधक एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये, वर्षानुवर्षं कसून सराव केलेल्या लोकांचा सराव थांबवून मोजमापं घेतली होती. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, जिला व्हीओटू मॅक्स म्हणतात, ती पहिल्या २१ दिवसांत ७ टक्के घसरली आणि आठेक आठवड्यांनी १६ टक्के खाली येऊन स्थिरावली. सुरुवातीची घसरण बरीचशी रक्ताची असते. नियमित व्यायाम करणाऱ्याच्या रक्तातला द्रवभाग वाढलेला असतो, त्यामुळे हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं. व्यायाम थांबला की हा वाढीव द्रवभाग लगेच ओसरतो आणि मग त्याच चालीला ठोके जास्त पडतात, धाप लवकर लागते. पण जे इतक्या चटकन जातं ते चटकन येतंही. पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या पंधरवड्यातच जिना चढताना फरक जाणवतो, तो बहुतेक यामुळेच.

वयाची धास्ती ज्यांना वाटते त्यांना मी अमेरिकेतल्या डॅलसच्या अभ्यासाबद्दल आवर्जून सांगते. १९६६ मध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी, ते पन्नाशीला आलेले असताना, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. निष्कर्ष असा की विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या झोपून राहण्याने त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं, तेवढं मधल्या तीस वर्षांच्या वयानेही केलं नव्हतं. पुढे त्यांच्याकडून सहा महिने चालणं, हळू धावणं, सायकल असा साधाच व्यायाम हळूहळू वाढवत करून घेतला, आणि दमाची क्षमता विशीतल्या मूळ पातळीला परत आली. पाचच माणसं होती, त्यामुळे प्रत्येकाला असंच होईल असं वचन मी देणार नाही. पण बेचाळिशीत सहा वर्षांचा खंड म्हणजे सगळं संपलं असं मानायला काही आधार नाही.

स्नायूंची गोष्ट आणखी दिलासा देणारी आहे. एकदा कमावलेला स्नायू आकाराने आटला तरी पूर्ण कोरा होत नाही. नॉर्वेमधल्या ब्रुसगार्ड आणि गुंडरसन यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांमध्ये दाखवलं की ताण दिल्यावर स्नायूच्या तंतूंमध्ये नवी केंद्रकं (पेशीचं काम चालवणारे गाभे) येतात आणि स्नायू पुन्हा बारीक झाला तरी ती तिथेच राहतात. माणसांत ही केंद्रकं किती काळ टिकतात याबद्दल संशोधकांत अजून एकमत नाही. मात्र २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाच्या गटाने माणसांवर सात आठवडे व्यायाम, सात आठवडे बंद आणि पुन्हा सात आठवडे व्यायाम असा प्रयोग केला. काही जनुकांवर पहिल्या फेरीत उमटलेल्या रासायनिक खुणा मधल्या बंदच्या काळातही टिकून होत्या. त्याही आधी, १९९१ मध्ये, स्टॅरन यांनी वीस आठवडे वजनांचा व्यायाम केलेल्या आणि मग तीसेक आठवडे तो सोडलेल्या स्त्रियांकडून पुन्हा सहा आठवडे व्यायाम करून घेतला. पहिल्या खेपेला वीस आठवडे लागलेली बरीचशी कमाई त्या सहा आठवड्यांत परत आली. हे माझ्या डोळ्यांसमोर नेहमी घडतं. पहिले दोन आठवडे माणूस हिरमुसलेला असतो आणि मग वजनं पटापट चढायला लागतात.

आणि इथेच गाडी अडते. स्नायू आणि दम पटापट येतात, पण स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, म्हणजे टेंडन, त्या वेगाने येत नाही. कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो, तिचा बहुतेक भाग कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचा असतो आणि ताण सोसण्यासाठी घट्ट व्हायला ती कित्येक महिने घेते. हाडांचंही तसंच. त्यामुळे धोक्याचा काळ पहिला आठवडा नसतो. पहिल्या आठवड्यात सगळेच जपून असतात. धोका असतो साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. अंगदुखी थांबलेली असते, दम सुधारलेला असतो, आरशात फरक दिसायला लागलेला असतो, आणि मनात येतं की आता जरा वाढवूया. आत मात्र कंडरा पहिल्या आठवड्यात होती तिथेच जवळजवळ असते. तुमची टाच तिसऱ्या आठवड्यात दुखायला लागली, आणि खात्रीने सांगते, त्याच्या दोन-चार दिवस आधी तुम्ही अंतर किंवा वेग वाढवला होता, कारण त्या दिवशी धावताना छान वाटलं होतं.

धावण्याचं गणित बघा. प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर येतो. टाचेमागच्या कंडरेवर तो सहा-सात पटींपर्यंत जातो. मिनिटाला साधारण १६० पावलं धरली तर वीस मिनिटांत एका पायाची १६०० पावलं होतात. वजनांच्या व्यायामात एक हालचाल दिवसभरात वीस-तीस वेळा होते, आणि तीही तुमच्या ताब्यात. म्हणून "वजनं की धावणं" याला माझं उत्तर स्पष्ट आहे: आधी वजनं आणि चालणं, धावणं पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. धावणं सोपं आणि निरुपद्रवी वाटतं, वजनं अवघड आणि धोक्याची वाटतात. मोठ्या खंडानंतर मला हे उलटं दिसत आलं आहे.

पहिल्या वेळच्या अंगदुखीबद्दल थोडं. ती लॅक्टिक ॲसिडमुळे नसते. ते व्यायामानंतर तासाभरात निघून जातं. स्नायू ताण घेत लांबतो तेव्हा, म्हणजे स्क्वॉटमध्ये खाली जाताना, वजन खाली ठेवताना, उतार उतरताना, त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतं. चांगली गोष्ट अशी की हलक्या प्रमाणात एकदा ही इजा झाली की पुढच्या वेळी तोच स्नायू बराच कमी दुखतो आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकतं. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांचं काम एवढंच: स्नायूंना हलकी ओळख करून देणं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या जाणवल्या पाहिजेत, कठडा धरावा लागता कामा नये.

याच संदर्भात एक गंभीर गोष्ट. खंडानंतर पहिल्याच दिवशी अतोनात काम केल्यास क्वचित स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यातलं द्रव्य मूत्रपिंडावर भार टाकतं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायू फुगून टणक होणं, हालचाल न करताही असह्य दुखणं आणि लघवीचा रंग काळपट किंवा कोऱ्या चहासारखा होणं ही त्याची चिन्हं. असं दिसलं तर "दुखणारच, व्यायाम केलाय" म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा. हे ज्यांना होतं त्यांच्यात पूर्वी फिट असलेले, ईर्ष्येने पुन्हा सुरू करणारे बरेच असतात.

आता प्रत्यक्ष सुरुवात. व्यायामाच्या नोंदींची जुनी वही असेल तर ती कपाटात ठेवा. १०० किलो हा आकडा डोक्यात असला की ४० किलो अपमान वाटतो आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. पहिल्या दिवशी छातीशी १० ते १२ किलोचं डंबेल धरून, मागे गुडघ्याएवढ्या उंचीचा बाक ठेवून, बाकाला टेकून उठायचं. आठ ते दहा वेळा, असे दोन सेट. तेवढंच. पहिल्या दिवशी समोर उभी राहून मी वजन बघत नाही, तीन गोष्टी बघते. खाली जाताना टाचा जमिनीला चिकटून आहेत का. उठताना पार्श्वभाग एका बाजूला सरकतो का. ज्या पायाला पूर्वी कधी दुखलंय त्या पायाला वाचवायला शरीर नकळत दुसऱ्या बाजूला झुकतं आणि माणसाला स्वतःला ते कळत नाही. आणि श्वास. सहाव्या-सातव्या वेळेला श्वास कोंडला, चेहरा आवळला, की तो सेट तिथेच संपतो, मग हातात वजन कितीही हलकं असो. एकटेच करणार असाल तर मोबाइल समोर ठेवून एक सेट चित्रित करा आणि या तीनच गोष्टी तपासा.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांची विश्रांती. एका दिवसात पाच हालचाली पुरे: बसून उठणं, कमरेतून वाकून वजन उचलणं, काहीतरी ढकलणं, काहीतरी ओढणं आणि टाचा उचलणं. ढकलायला जोर (पुश-अप) चालतील, दंडांना झेपत नसतील तर भिंतीला किंवा टेबलाला टेकून. ओढायला केबल किंवा डंबेल. प्रत्येकी दोन सेट. सेट संपवताना अजून चार वेळा सहज झालं असतं असं वाटलं पाहिजे. पाचव्या आठवड्यापासून ते "अजून दोन-तीन वेळा" इतकं जवळ आणा आणि सेट तीन करा. पहिले तीन महिने सेट पूर्ण निकराला नेऊच नका, त्यातून मिळतं थोडं आणि बिघडतं फार.

वाढवायचं कसं? एका वेळी एकच गोष्ट. वजन वाढवलं त्या आठवड्यात सेट वाढवायचे नाहीत, दिवस वाढवला तर वजन तेच ठेवायचं. अमेरिकेत ताकदीचा सराव घेणाऱ्या प्रशिक्षकांच्या दोन संघटनांनी २०१९ मध्ये मिळून एक मार्गदर्शिका काढली. सुट्टीहून परतणाऱ्या खेळाडूंसाठी तिच्यात दिलंय की नेहमीच्या कामापेक्षा पहिल्या आठवड्यात निदान ५० टक्के कमी, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २० आणि चौथ्यात १० टक्के कमी काम द्यावं. हा नियम पुष्कळ जण सहा वर्षांच्या खंडालाही लावतात. ते चूक आहे. तो काही आठवड्यांच्या सुट्टीहून परतलेल्या, विशीतल्या, देखरेखीखालच्या खेळाडूंसाठी आहे. तुम्हाला त्यातून घेण्यासारखं एवढंच की त्यांनासुद्धा अर्ध्यावरून सुरू करायला सांगतात. तुमच्याबाबतीत मी जुन्या वजनाच्या चौथ्या हिश्शापेक्षा वर सुरू करणार नाही. म्हणजे बार खांद्यावर घ्यायचा तर पहिले दोन आठवडे नुसता मोकळा, २० किलोचा. महिनाअखेरीस ४०, तीन महिन्यांच्या शेवटी ६० ते ७० झालं तर उत्तम चाललंय असं समजा. त्याआधीही जास्त उचलता येईल, मला माहीत आहे. उचलू नका.

दमासाठी पहिले चार आठवडे चालणं. रोज २० ते ३० मिनिटं, अशा चालीने की पूर्ण वाक्य बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. ही बोलून बघण्याची कसोटी साधी असली तरी चांगली आहे, मला ती घड्याळातल्या ठोक्यांच्या आकड्यांपेक्षा जास्त भरवशाची वाटते. २२० वजा वय हे कमाल ठोक्यांचं सूत्र सरासरी आहे, एखाद्या माणसाचे ठोके त्यापेक्षा दहा-बाराने सहज इकडे-तिकडे असतात. तुमचं कमाल १७८ गृहीत धरून सगळी गणितं मांडाल आणि ते प्रत्यक्षात १९० असेल तर ठोक्यांवरून ठरवलेले तीव्रतेचे पट्टे सगळे चुकतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत मध्यम गतीचा व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं आणि मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम किमान दोन दिवस असा आहे. रोजचं चालणं आणि दोन दिवसांची वजनं मिळून तुम्ही पहिल्याच महिन्यात त्या उंबरठ्याशी पोहोचता. सायकल किंवा पोहणं मिळत असेल तर टाच बरी होईपर्यंत दम वाढवायला ते फार उपयोगी, कारण त्यात टाचेवर आदळआपट नाही.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात, टाच शांत असेल तर, एक मिनिट हळू धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं सहा-सात वेळा. आठवड्यातून दोनदा, लागोपाठच्या दिवशी नाही. दर आठवड्याला धावण्याचा वाटा किंचित वाढवा आणि वेगाचा विचारही करू नका. सलग अर्धा तास आरामात धावता येऊ लागल्यावर महिनाभर तिथेच थांबा. लोकांना हा महिना जड जातो, पण नडगी आणि टाचेच्या तक्रारी मला याच टप्प्यावर घाई करणाऱ्यांच्यात सर्वाधिक दिसतात.

तुमच्या टाचेबद्दल. सकाळची पहिली पावलं ताठर आणि चालल्यावर मोकळं, हे टाचेमागच्या कंडरेच्या त्रासाचं नेहमीचं लक्षण आहे. पूर्ण विश्रांतीने ती शांत होते पण बळकट होत नाही, म्हणून धावायला लागलं की पुन्हा दुखते. तुम्ही दुखणं थांबेपर्यंत वाट बघत बसलात तिथे हेच झालं असणार. तिला मोजका ताण हवा. पायरीच्या कडेला चवड्यावर उभे राहा, टाचा बाहेर हवेत. भिंतीला बोटं टेकवा. दोन्ही पायांनी वर उचला, मग दुखऱ्या पायावर वजन घेऊन तीन मोजत टाच पायरीच्या पातळीखाली उतरवा, पुन्हा दोन्ही पायांनी वर. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेली पद्धत यावरच आहे: १५ वेळांचे तीन सेट, गुडघा सरळ ठेवून आणि थोडा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. मी इतक्या मोठ्या मात्रेने सुरू करत नाही. सुरुवातीला दिवसाआड एकदा, आणि जमिनीवरच. पायरी तिसऱ्या आठवड्यापासून. दुखणं टाचेच्या हाडालगत, अगदी खालच्या टोकाला असेल तर पायरीखाली उतरवूच नका, तिथे कंडरा हाडावर दाबली जाते आणि त्रास वाढतो.

किती दुखलं तर चालेल? शून्य ते दहाच्या पट्टीवर तीनपर्यंत व्यायामादरम्यान चालतं. पण खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. पहिल्या दहा पावलांचा ताठरपणा कालच्याइतकाच किंवा कमी असेल तर कालची मात्रा बरोबर होती. वाढला असेल तर पुढच्या वेळी मात्रा कमी, बंद नाही. रोज सकाळी तो आकडा कुठेतरी लिहून ठेवा. तुमच्या प्रगतीचं हे सगळ्यात प्रामाणिक मोजमाप असेल. टाचेमागे अचानक कोणी लाथ मारल्यासारखं वाटलं, आवाज आला किंवा चवड्यावर उभंच राहता येईना, तर हे सगळं सोडून तातडीने डॉक्टरांकडे.

तपासण्यांचं म्हणाल तर निरोगी माणसाला चालायला आणि हलकी वजनं उचलायला आधी चाचण्यांचा ढीग लागत नाही. पण छातीत दुखणं किंवा आवळणं, श्रमाने भोवळ येणं, विनाकारण धडधड, पूर्वीपेक्षा फारच कमी श्रमाला धाप, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल तरी विचारून घ्या. बीटा ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयाच्या तक्रारींसाठीची औषधं) घेणाऱ्यांचे ठोके औषधानेच कमी राहतात, त्यांनी ठोके मोजून तीव्रता ठरवू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर काही तासांनीही खाली जाऊ शकते, त्यांची मात्रा डॉक्टरांशी बोलून ठरवावी लागते.

खाण्या-झोपेबद्दल थोडक्यात. २०१८ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात वजनांचा व्यायाम करणाऱ्यांना शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅम प्रथिनांच्या पुढे स्नायूंसाठी सरासरीने आणखी फायदा दिसला नव्हता. तेवढं रोजच्या जेवणातून जमत असेल तर पावडरची गरज नाही. व्यायाम सुरू करायच्या आठवड्यातच उपासमारीचं डाएट सुरू करू नका. दोन्ही एकदम केलं की अंगदुखी लांबते, चिडचिड वाढते आणि माणूस दोन्ही सोडतो.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला. खंड पडणार. परीक्षा, आजारपण, बदली, बाळ, काही ना काही येणारच. तेव्हा सगळं बंद करायचं नसतं, कमी करायचं असतं, आणि किती कमी चालतं याची बऱ्यापैकी माहिती आहे. हिक्सन यांच्या १९८१ च्या अभ्यासात आठवड्याला सहा दिवस सराव करणारे लोक दोन दिवसांवर आले तरी पंधरा आठवडे त्यांचा दम टिकून राहिला. तीव्रता मात्र पूर्वीचीच होती. पुढच्या अभ्यासात तीव्रता उतरवली तेव्हा दम गेला. बिकल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वजनांच्या बाबतीत हेच पाहिलं. सोळा आठवड्यांच्या व्यायामानंतर तरुणांनी फक्त एक नवमांश काम चालू ठेवलं, म्हणजे तीन दिवसांऐवजी एक दिवस आणि प्रत्येक हालचालीचे तीन सेटऐवजी एक, तरी ३२ आठवडे स्नायू टिकले. साठीपुढच्यांना स्नायूंचा आकार टिकवायला त्याहून जास्त लागलं, ताकद मात्र त्यांचीही बरीच राहिली.

म्हणून कामाचा डोंगर असेल त्या महिन्यात आठवड्यातून एकच दिवस जा, पाच हालचालींचा एकेक सेट करा, वजन नेहमीचंच ठेवा आणि पंचवीस मिनिटांत बाहेर पडा. आठवडाभर काहीच जमलं नाही तर परत आल्यावर आधी सोडलं तेच वजन घ्या, फक्त एक सेट कमी. दोन-तीन आठवडे गेले तर वजन पाचव्या हिश्शाने उतरवा आणि दोन आठवड्यांत मूळ जागी या. महिन्याहून जास्त गेलं तर अर्ध्यावर या, आणि धावण्याच्या बाबतीत एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं इथे परत जा, दम कितीही चांगला वाटत असला तरी. ताप येऊन गेला असेल तर ताप पूर्ण उतरेपर्यंत काहीही करू नका. त्यानंतरचा आठवडा नुसता चालण्याचा, आणि त्या चालण्यातही छातीत दुखलं किंवा धडधडलं तर पुढे जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा.